मदत हवी आहे: घरी बनवलेली हलती रेसिंग सीट जागच्या जागी थरथरते आणि जोरात ब्रेक दाबला की पॉवर सप्लाय बंद पडतो

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

रेसिंग गेमसाठी हलणारी सीट घरीच बनवायचा उद्योग गेले चार महिने चालू आहे. वेल्डिंग शिकलो, हात भाजून घेतला, घरच्यांची बोलणी खाल्ली. आता सीट हलते, पण मला हवी तशी नाही. तिला हवी तशी हलते.

रचना सांगतो. दोनच अक्ष आहेत: पुढे-मागे झुकणं आणि डावी-उजवीकडे कलणं. जुन्या कारची सीट, स्टिअरिंग आणि पेडल हे सगळं चौकोनी पाइपच्या एकाच फ्रेमवर आहे. ही फ्रेम मधोमध एका युनिव्हर्सल जॉइंटवर (सगळ्या बाजूंना झुकणाऱ्या सांध्यावर) टेकली आहे. मागच्या दोन कोपऱ्यांना दोन दांडे, आणि त्यांच्या खाली १२ व्होल्टच्या दोन वायपर मोटर. मॉनिटर वेगळ्या स्टँडवर आहे, तो हलत नाही. फ्रेमचं वजन सगळ्या सामानासकट ४५ किलो आणि माझं ७८.

कंट्रोलला आर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), त्यात एसएमसी-थ्री (मोटर सांभाळणारा प्रोग्राम). मोटरना वीज देणारे दोन आयबीटी-टू ड्रायव्हर, जागेचा अंदाज यायला प्रत्येक मोटरच्या शाफ्टला १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर. पीसीवर सिमटूल्स, म्हणजे गेममधली हालचाल सीटकडे पाठवणारं सॉफ्टवेअर. सप्लाय १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा एसएमपीएस.

आता रडगाणं.

एक, गाडी पिटमध्ये उभी असतानाही सीट मध्यावर बारीक थरथरत राहते. केपी (जागा चुकली की मोटर किती जोर लावते तो आकडा) कमी केला की थरथर थांबते, पण मग सीट म्हशीसारखी सुस्त होते. पीआयडीचे, म्हणजे मोटरला हव्या त्या जागेवर आणणाऱ्या गणिताचे, आकडे तीन आठवडे फिरवतोय. वही भरली, सीट काही शांत होत नाही.

दोन, सरळ रस्त्याच्या शेवटी जोरात ब्रेक दाबला की सप्लाय कट. काही सेकंदांनी आपोआप परत येतो आणि सीट दचकून मध्यावर उडी मारते. हे फार वाईट आहे.

तीन, लांबलचक वळणावर सीट कलून राहते. तेव्हा वळतोय असं वाटतच नाही, खुर्चीवरून घसरतोय असं वाटतं. पंधरा मिनिटांत मळमळायला लागतं.

केपी, केआय, केडी यांचे योग्य आकडे कुणी देऊ शकेल का? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आकडे कुणाचेही घेऊ नका. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्याला चालत नाही, तसंच आहे हे. वही दोन दिवस बंद करा आणि तीन गोष्टी सांगा.

मोटरच्या शाफ्टपासून दांड्याच्या बोल्टपर्यंत लीव्हर किती लांब आहे? मध्ये ठेवून मोजा, भोकाच्या केंद्रापासून भोकाच्या केंद्रापर्यंत.

दांडे सोडवून तुम्ही सीटवर बसलात तर फ्रेम जॉइंटवर तोलून राहते का? की एका बाजूला पडते? पडत असेल तर किती जोराने?

पॉवर बंद करून लीव्हर बोटांनी हलवा. मोटर न फिरता तो किती खुडखुडतो? आणि तो खुडखुडताना पोटेन्शिओमीटर त्याच्याबरोबर फिरतो का?

प्रतिसाद २

सप्लाय कट होण्याचं कारण मला ओळखीचं वाटतंय. मोटर एकदम थांबते किंवा उलटी फिरते तेव्हा ती जनरेटर होते आणि वीज सप्लायकडे परत ढकलते. एसएमपीएसला वाटतं व्होल्टेज प्रमाणाबाहेर गेलं, म्हणून तो स्वतःला बंद करतो. पण अंदाजावर जाऊ नका, मोजा. सप्लायच्या टोकांना मीटर लावा, कमीतकमी आणि जास्तीत जास्त व्होल्टेज धरून ठेवणारं मीटर असेल तर उत्तम. कट होण्याआधी व्होल्टेज १२ च्या वर उडालं तर माझं म्हणणं बरोबर. खाली कोसळलं तर सप्लायला ओझं पेलत नाहीये, दुखणं वेगळं.

शिवाय त्या ड्रायव्हरवर ४३ अँपिअर लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. उष्णता बाहेर टाकणाऱ्या तेवढ्याशा हीटसिंकवर तो सतत ४३ देणार नाही. हात लावून बघा किती तापतो ते. किंवा नको, हात नका लावू.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. मोजमापं घेतली.

लीव्हर ७ सेंमी. जास्त हालचाल म्हणजे जास्त मजा, असा माझा हिशोब होता.

दांडे सोडवल्यावर सीट सरळ मागे पडली. मी बसलेला असताना भावाने सामान तोलायचा हुकवाला काटा मागच्या कडेला अडकवून फ्रेम सपाट धरली. २४ किलो! जॉइंटपासून ती कड ४५ सेंमीवर आहे.

खुडखुड: उजवीकडे जेमतेम, डावीकडे बरीच. आणि डावीकडचा पोटेन्शिओमीटर लीव्हर हलला तरी जागेवरच. त्याला शाफ्टवर घट्ट धरणारा ग्रब स्क्रू ढिला होता. लाज वाटली.

मीटर: ब्रेक दाबल्यावर व्होल्टेज ८ च्याही खाली गेलं, मग कट. वर अजिबात उडालं नाही.

प्रतिसाद २

म्हणजे माझा अंदाज चुकला. मीटर खोटं बोलत नाही. सप्लायवर ताण येतोय. वायपर मोटर अडली की एकटीच २०-३० अँपिअर सहज ओढते, तुमच्याकडे दोन आहेत. आता नवा मोठा सप्लाय आणायला धावू नका, आधी मोटर का अडते ते बघा. वरच्या मित्राला बहुतेक ते कळलंय.

प्रतिसाद १

हो, आता चित्र स्पष्ट आहे. २४ गुणिले ४५ म्हणजे १०८० किलो-सेंमी. तुमचं आणि फ्रेमचं मिळून वजन १२३ किलो. भागून बघा: सगळ्या वजनाचा मध्य जॉइंटच्या जवळजवळ ९ सेंमी मागे आहे. काही न करता नुसतं सपाट राहायचं तरी प्रत्येक मोटरच्या दांड्यावर १२ किलोचं ओझं. ७ सेंमीच्या लीव्हरवर ते ८४ किलो-सेंमी होतं, न्यूटन-मीटरमध्ये ८ च्या आसपास.

ब्रेक दाबल्यावर सीटने नाक खाली घालायचं, म्हणजे मागची कड वर जायची. तुमच्या दोन्ही मोटरना एकाच क्षणी ते सगळं ओझं झटक्यात उचलायचंय. सप्लाय बसणारच. थरथरीचंही मूळ इथेच आहे. वर चढताना मोटरला ओझं ओढावं लागतं, उतरताना तेच ओझं तिला ढकलतं. एकाच केपीने दोन्ही कसं सांभाळणार? चढायला पुरेल इतका ठेवला तर उतरताना मध्य ओलांडते, मग परत वर, परत खाली. त्यात ढिला पोटेन्शिओमीटर म्हणजे खोटी बातमी देणारा हेर.

कामं अशी: जॉइंट ९ सेंमी मागे घ्या. तुम्ही बसल्यावर फ्रेम एका बोटाने झुलली पाहिजे. लीव्हरला ४ सेंमीवर नवं भोक पाडा. आत्ता मोटर मध्यापासून ६० अंश फिरली की मागची कड ६ सेंमी जाते, म्हणजे साडेसात अंशांचा कल. बदलानंतर साडेतीन सेंमी आणि जॉइंटपासून ३६ सेंमी अंतर, म्हणजे साडेपाच अंश. कमी वाटेल, पण झटका मोठ्या कोनातून येत नाही, हालचाल किती चटकन सुरू होते त्यातून येतो.

हे सगळं झाल्यावरच पीआयडी. केआय आणि केडी शून्य, थरथर सुरू होईपर्यंत केपी वाढवा, थोडा मागे या, मग केडी किंचित द्या. एसएमसी-थ्रीच्या आलेखात मागितलेली जागा आणि खरी जागा या दोन रेषा दिसतात. सीटवर बसून अंदाज बांधण्यापेक्षा त्या बघा.

प्रतिसाद ३

मळमळीबद्दल. उजव्या वळणावर तुमची सीट कुठे कलते?

धागाकर्ता

उजवीकडे. वळणाच्या दिशेने. चूक आहे का?

प्रतिसाद ३

तुम्ही मोटरसायकल बनवली आहे! मोटरसायकल वळणात आत कलते. कारमध्ये उजव्या वळणावर अंग डावीकडे फेकलं जातं, म्हणून सीट डावीकडे कलायला हवी, म्हणजे गुरुत्वाकर्षण तुम्हाला डावीकडे ओढेल. डोळे एक सांगतात, कान उलटं सांगतो, मळमळणार नाही तर काय. सिमटूल्समध्ये तो अक्ष उलटा करा.

लांब वळणाचं मात्र एवढ्याने भागणार नाही. आतल्या कानाला वेग वाढणं आणि शरीर कलणं यातला फरक एकट्याने नीट कळत नाही, त्याचाच फायदा सिम्युलेटर घेतात. पण कलण्याची क्रियाच जाणवली की भ्रम मोडतो. म्हणून व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये सुरुवातीचा धक्का झटकन देतात आणि टिकणारा कल सेकंदाला साधारण ३ अंशांपेक्षा हळू आणतात. साडेपाच अंशांत तुम्हाला एक दशांश जीपेक्षाही (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढी ओढ) किंचित कमीच मिळेल. खरी रेस कार १ जीच्या वर जाते. तेव्हा वळणाची पूर्ण ताकद मागू नका. बाजूच्या बलाला वॉशआउट फिल्टर लावा, म्हणजे धक्का देऊन सीट हळूच मध्याकडे परतेल.

अवांतर: १९२९ मध्ये एडविन लिंकने वैमानिकांसाठी हलता ट्रेनर केला तो ऑर्गनच्या भात्यांवर. वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता, हाताशी होतं ते वापरलं. आपल्या वायपर मोटरना मोठी परंपरा आहे.

प्रतिसाद ४

सगळे गणितात रमलेत, एक प्रश्न कुणीच विचारला नाही. आपत्कालीन बटण कुठे आहे?

पोटेन्शिओमीटरची एक वायर तुटली की आर्डुइनोला वाटतं सीट टोकाला आहे, आणि तो मोटर पूर्ण ताकदीने उलट दिशेला पळवतो. ग्रब स्क्रू ढिला होता म्हणता, म्हणजे तुम्ही या प्रसंगापासून अर्ध्या फेऱ्यावर होता. लाल मश्रूम बटण स्टिअरिंगवरून हात सोडला की सापडेल अशा जागी लावा. त्याने मोटरची वीज तुटली पाहिजे, आर्डुइनोची नाही. आर्डुइनो बंद केल्यावर ड्रायव्हर काय करेल याची खात्री देता येत नाही. प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज. एसएमसी-थ्रीमधल्या कटऑफ मर्यादा (ज्यापलीकडे मोटर बंद होते) भरा. दांड्यांभोवती जाळी किंवा पत्रा लावा, लीव्हर आणि फ्रेममध्ये सापडलेलं बोट परत मिळत नाही. हे होईपर्यंत कुणालाही बसवू नका, भावाला तर नाहीच.

प्रतिसाद ५

माझं मत थोडं वेगळं. खडबडीत रस्ता आणि इंजिनची घरघर या मोटरकडून मागूच नका, त्या तेवढ्या वेगाने हलत नाहीत. सीटखाली एक बास शेकर (आवाजाच्या सिग्नलवर सीट थरथरवणारं यंत्र) लावा, सिमहब या सॉफ्टवेअरने चालवा. माझ्या रिगवर मजेचा अर्धा वाटा त्याचाच आहे.

धागाकर्ता

आठवड्याने लिहितोय. बटण, फ्यूज आणि पत्रा आधी लावले, मग बाकीचं.

जॉइंट ९ सेंमी मागे घेतला, खरंच एका बोटाने झुलते. लीव्हर ४ सेंमी. त्याच ३० अँपिअरच्या सप्लायवर पाऊण तास चालवलं, एकदाही कट नाही. ब्रेक दाबताना व्होल्टेज ११ च्या खाली गेलं नाही. अक्ष उलटा केला, वॉशआउट लावला, मळमळ गेली. पहिल्या वळणावर मात्र मी चक्क आपटलो, कारण हाताला मोटरसायकलची सवय झाली होती.

उजवी बाजू आता शांत. डावी मध्यावर अजून अधूनमधून टकटक करते. ग्रब स्क्रू घट्ट आहे, दोनदा तपासला.

प्रतिसाद १

लीव्हर अजून खुडखुडतो का? पण आता पोटेन्शिओमीटरसकट?

धागाकर्ता

हो, दोन्ही एकत्र हलतात. मोटर जागेवरच.

प्रतिसाद १

मग ढिलाई गिअरबॉक्समध्ये आहे. बऱ्याच वायपर मोटरमध्ये वर्मवर (स्क्रूसारख्या गिअरवर) नायलॉनचं दातेरी चाक असतं. तुमचं चाक इतके दिवस मध्याच्या त्याच दोन-चार दातांवर १२ किलो घेऊन थरथरत होतं. झाकणाचे स्क्रू काढून बघा.

धागाकर्ता

उघडली. तीन दात अर्धे झिजलेत आणि ग्रीसमध्ये पांढरा भुगा आहे. चाक अर्धा फेरा फिरवून चांगले दात मध्यावर आणले आणि लीव्हर उलट्या बाजूने बसवला, तर नवं चाक मिळेपर्यंत चालेल का?

प्रतिसाद १

चालेल. पोटेन्शिओमीटरचा मध्य ५१२ वर (आर्डुइनोच्या ० ते १०२३ या मोजणीच्या मधोमध) परत जुळवा, मगच पॉवर द्या. आणि पहिल्यांदा पॉवर देताना सीटवर बसू नका.