कयाकिंग क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करायचे आहे, पण पोहणे जेमतेम येते

गोदाकाठची वाचक

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे आणि नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर शनिवार-रविवार सकाळी भरणाऱ्या एका सामुदायिक कयाकिंग क्लबमध्ये तो काही महिन्यांपासून जातो. प्रशिक्षक सोडले तर क्लबची बाकी सगळी कामे सभासद आणि पालक मिळून करतात. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, त्यामुळे हाताशी वेळ आहे, आणि मुले पाण्यात असताना काठावर नुसते बसून राहण्यापेक्षा काही उपयोगी पडावे असे मनापासून वाटते. मात्र मला पोहणे जेमतेम येते आणि वल्हे मी कधी हातात धरलेले नाही. अशा व्यक्तीला क्लबमध्ये खरोखर काही काम असते का, की केवळ संख्या वाढवायला बोलावतात? स्वयंसेवकाने कयाक चालवायला शिकलेच पाहिजे का? आणि पावसाळ्याचे चार महिने असे क्लब काय करतात? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

वल्हेकरी

ताई, काम असते, आणि माझ्या मते क्लबमधले सर्वांत महत्त्वाचे काम काठावरच असते. पाण्यात गेलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवणे हे ते काम. कोण कोणत्या कयाकमध्ये किती वाजता उतरले आणि किती वाजता परत आले, हे एकाच वहीत, एकाच व्यक्तीच्या हाताने लिहिले गेले पाहिजे. बॅकवॉटरचा काठ वळणावळणाचा आहे. एखादी कयाक टेकाडामागे गेली की ती दिसत नाही, आणि पाण्यात असलेला प्रशिक्षक समोरच्या चार मुलांकडे पाहत असतो. पाचवे मूल कुठे आहे हे वहीवाल्या व्यक्तीलाच सांगता येते. बँकेत हिशेब जुळल्याशिवाय दिवस संपत नाही ही सवय आपल्याला आहेच. इथेही शेवटची कयाक काठाला लागून नावापुढे खूण होईपर्यंत जागा सोडायची नसते.

दुसरे काम लाइफ जॅकेटचे. मुले जॅकेट घालतात, पण पट्ट्या सैल ठेवतात, कारण आवळल्या की गरम होते. म्हणून उतरण्यापूर्वी प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्या धरून जॅकेट सरळ वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले, तर पाण्यात पडल्यावर ते अंगातून निघून डोक्यावर जाईल असे समजावे आणि बाजूच्या पट्ट्या आवळूनच मुलाला पुढे सोडावे. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून घ्यायची पट्टी असते, ती बहुधा मागे लोंबकळत राहिलेली असते. तीही लावून घ्यावी. बक्कल तुटलेले किंवा शिवण उसवलेले जॅकेट दिसले तर ते सरळ बाजूला काढावे, 'आजच्यापुरते चालेल' असे कोणी म्हटले तरी देऊ नये. मला वाटते, एवढा ठामपणा असलेली व्यक्ती क्लबला कुशल वल्हेकऱ्यापेक्षा अधिक हवी असते.

बाकी कामे हमालीची आहेत, पण त्यांतही पद्धत लागते. प्लास्टिकची कयाक साधारण वीस-पंचवीस किलोंची असते. ती दोघांनी दोन टोकांच्या मुठी धरून उचलायची, खडकाळ काठावरून फरफटत न्यायची नाही, कारण तळ घासून पातळ होतो आणि पुढे चीर जाते. जॅकेटे सावलीत वाळवायची, कारण उन्हाने कापड आणि पट्ट्या दोन्ही कमकुवत होतात.

सातपूरकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. कयाक चालवण्यात तरबेज होण्याची काहीच गरज नाही, परंतु काठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी जॅकेट घालून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटवून बाहेर यावे असे माझे आग्रहाचे मत आहे. उलटलेल्या माणसाला पहिल्या काही क्षणांत काय वाटते हे एकदा अनुभवले, की काठावरून काय ओरडायचे आणि काय नाही हे समजते. घाबरलेल्या मुलाला 'पोह, पोह' असे सांगून उपयोग नसतो. 'कयाक धरून ठेव' एवढेच सांगायचे असते, कारण उलटी कयाकही तरंगते आणि पाण्यातल्या डोक्यापेक्षा ती दुरून पटकन दिसते. दोरीची पिशवी (जिच्यात बचावाची लांब दोरी भरलेली असते) फेकण्याचा सराव मात्र प्रत्येक आठवड्याला करावा. दोरीचे मोकळे टोक आपल्या हातात ठेवून पिशवी बुडणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकायची असते, म्हणजे दोरी त्याच्या खांद्यावर येऊन पडते.

वाऱ्याबद्दलही लिहितो. उन्हाळ्यात दुपारकडे वारा वाढतो आणि धरणाच्या उघड्या पाण्यावर लाटा उठतात. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर काठाजवळचे पाणी शांत दिसते, आणि नवखा माणूस सहज आत जातो. परतताना मात्र तोच वारा समोरून येतो. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जावे आणि येताना वारा पाठीशी असावा, हा नियम सकाळी काठावरच मोठ्याने सांगावा. ढग भरून आले किंवा गडगडाट ऐकू आला तर सर्वांना काठावर बोलवावे, त्यावर चर्चा नको.

पावसाळ्यात नदीत उतरू नये. धरणातून विसर्ग सुरू झाला की शहरातल्या गोदावरीचे रूप तासा-दोन तासांत बदलते. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी आले यावर पूर मोजणाऱ्या नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. पुराइतकाच धोका बंधाऱ्यांचा आहे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि त्यात सापडलेली वस्तू, मग ती लाकूड असो की माणूस, बाहेर न पडता तिथेच गरगरत राहते. वरून पाहताना तो बंधारा गुडघाभर उंचीचा वाटतो, आणि म्हणूनच तो फसवतो. या चार महिन्यांत क्लबने दुरुस्ती, प्रथमोपचार आणि महापालिकेच्या तरणतलावात परवानगी मिळाल्यास कयाक उलटवण्याचा सराव, एवढेच करावे. बुडालेल्या व्यक्तीवर उपचार करताना पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवायचा नसतो. तिचा श्वास थांबलेला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब द्यायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करायचा. हे प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकून घ्यावे.

निफाडकर

क्लबच्या उपक्रमांविषयी थोडे लिहितो. बहुतेक क्लब नदी-स्वच्छतेचा उपक्रम घेतात आणि ते चांगलेच आहे. कयाकमधून काठाच्या झुडपांत अडकलेल्या त्या पिशव्या काढता येतात जिथे काठावरून हात पोहोचत नाही. परंतु शहराच्या खालच्या अंगाला पाणवेली काढून आलेल्या कयाक दुसऱ्या दिवशी तशाच धरणाच्या पाण्यात सोडू नयेत. पाणवेलीचा बारीकसा तुकडा मुळांसकट आसनाच्या खाली किंवा पाणी निघून जाण्याच्या भोकात अडकून राहतो आणि त्यातून नवे रोप फुटते. तिचे बी तर चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. तेव्हा कयाक, वल्हे आणि बूट काठापासून दूर, साध्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवावेत. साबण मात्र जलाशयाजवळ वापरू नये, कारण नाशिक शहर तेच पाणी पिते. हे धुण्याचे काम कोणालाच नको असते, म्हणून ते एका स्वयंसेवकाच्या नावावर ठेवलेले बरे.

हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी जिल्ह्यातल्या सगळ्याच जलाशयांवर उतरतात. आमच्याकडचे नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र आहे. तिथे कयाक नेण्याचा विचारही करू नये, पक्षी काठावरून पाहावेत. गंगापूरच्या बाजूलाही पक्ष्यांचा थवा बसलेला दिसला तर त्यांनी माना वर केल्या की आपण फार जवळ आलो असे समजून वळावे.

निवृत्त क्रीडाशिक्षिका

मला या चर्चेत मुलांच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याच चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांचा खेळ कयाकिंगहून वेगळा आहे, त्यात वल्हवणारा पाठीच्या दिशेने जातो. पण विचार करण्यासारखी बाब ही की हा खेळ त्यांना सैन्यात गेल्यावर मिळाला. आपल्या जिल्ह्यात इतकी धरणे असताना साध्या घरातल्या मुलाच्या हातात शाळेच्या वयात वल्हे पडावे, यासाठीच सामुदायिक क्लब हवा. म्हणून क्लबने शुल्क न परवडणाऱ्या मुलांसाठी काही जागा राखाव्यात आणि महापालिकेच्या शाळांशी बोलण्याचे काम एखाद्या स्वयंसेवकाने अंगावर घ्यावे. ताई, बँकेत लोकांशी बोलण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या व्यक्तीला ते नक्की जमेल.

दिव्यांग मुलांनाही यात आणता येते. ग्वाल्हेरच्या प्राची यादव टोकियो पॅरालिंपिकमध्ये पॅरा-कॅनोईंगमध्ये भारताकडून उतरल्या. पाठीला आधार देणारे आसन आणि चाकाच्या खुर्चीवरून कयाकमध्ये नीट बसवणारे दोन धीराचे हात, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

गोदाकाठची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. येत्या शनिवारपासून वही मी माझ्याकडे मागून घेणार आहे, आणि पाण्यात उलटण्याचा सरावही करीन. एकच शंका उरली: जॅकेटांवर ५० आणि १०० असे आकडे छापलेले दिसतात. माझ्यासारखीने कोणते घ्यावे?

वल्हेकरी

तो आकडा न्यूटनमध्ये मोजलेल्या तरंगशक्तीचा आहे. ५० चे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तेव्हासाठी असते. त्यात हात मोकळे राहतात म्हणून कयाकिंग करणारे तेच वापरतात. १०० चे थोडे जाड असते, पण ते माणसाला पाठीवर वळवून तोंड पाण्याबाहेर ठेवायला मदत करते. पोहणे जेमतेम येत असेल तर आपण १०० चेच घ्यावे, आणि घेताना आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवरची वजनाची मर्यादा वाचून मगच पैसे द्यावेत.