सिंक्लेअरचे १९० गोल

कॅनडाची फुटबॉलपटू क्रिस्टीन सिंक्लेअर हिच्याबद्दल काही जण म्हणतात, "तिचे १९० आंतरराष्ट्रीय गोल म्हणजे निम्मे लिंबूटिंबू संघांविरुद्ध". हे म्हणणं अर्धं मान्य. अमेरिकेच्या ॲबी वॅम्बॅकचा १८४ गोलांचा विक्रम तिने जानेवारी २०२० मध्ये मोडला तो सेंट किट्स आणि नेव्हिसविरुद्धच, आणि तो सामना पार एकतर्फी होता.

पण मग ६ ऑगस्ट २०१२, ओल्ड ट्रॅफर्ड, ऑलिंपिक उपांत्य सामना बघा. समोर अमेरिका, आणि बाईंची हॅटट्रिक! तीनदा कॅनडाला आघाडी मिळवून दिली. नंतर कॅनडाच्या गोलकीपरने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त धरला म्हणून फ्री किक (हा तेव्हाचा नियम एरवी कोण लावायचं हो?), त्यातून हँडबॉल, अमेरिकेला पेनल्टी, बरोबरी. जादा वेळेच्याही इंज्युरी टाइममध्ये अमेरिकेच्या ॲलेक्स मॉर्गनचं हेडर, ४-३ ने कॅनडा हरला. पंचांवर बोलल्याबद्दल सिंक्लेअरवर चार सामन्यांची बंदी आली, ती वेगळीच. त्या स्पर्धेत तिचे सहा गोल, सर्वांत जास्त.

२०११ चा वर्ल्ड कपही आठवा. बर्लिनमध्ये यजमान जर्मनीविरुद्ध नाक मोडलेलं, तरी मैदानात परतली आणि ८२ व्या मिनिटाला फ्री किक थेट जाळ्यात. जर्मनीला त्या वेळी कोणी लिंबूटिंबू म्हणत नव्हतं.

गंमत म्हणजे टोकियो ऑलिंपिकमध्ये कॅनडाला सुवर्ण मिळालं तेव्हा फायनलचं पेनल्टी शूटआउट तिने बाकावर बसून पाहिलं, ८६ व्या मिनिटालाच तिला बाहेर घेतलं होतं. त्या सामन्यात तिची सहकारी जेसी फ्लेमिंगने बरोबरी साधली ती पेनल्टी मात्र सिंक्लेअरला पाडल्यामुळेच मिळालेली.