मदत हवी आहे: एक ऑडिट म्हणतं पाडा, दुसरं म्हणतं दुरुस्त करा

ठाण्यात खारकर आळीत आमचं जुनं कौलारू घर आहे. सागवानी खांब, चुन्यातल्या विटांच्या भिंती. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीच्या तपासणीत, ते सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरलं आणि महापालिकेची कलम २६४ ची (धोकादायक बांधकामाबद्दलची) नोटीस आली. गंमत म्हणजे त्या ऑडिटरने चुन्याच्या भिंतीवर रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणारं उपकरण) लावला. ती चाचणी तर काँक्रीटची! दुसऱ्या इंजिनिअरने खांब टोचून, वाळवी तपासून सी-२ए दिलं: रिकामं करा, दुरुस्त करा. तो अहवाल जोडून महापालिकेला लेखी हरकत दिली, पोच आहे, उत्तर नाही.

आळीत दोन तट पडलेत. 'जुनं जपा' म्हणणारेही मागची भिंत पाहून गप्प होतात, आणि ती खरंच ओली आहे. चुलतभावांना बिल्डर हवाय. एकमेव भाडेकरू दुरुस्तीला तयार आहे, तूर्त नातेवाइकांकडे राहतो. घर रिकामं आहे, टेकू लावलेत. वारसा (हेरिटेज) वास्तूंच्या यादीत घराचं नाव नाही.

दोन अहवाल जुळत नसतील तर ठाण्यात शेवटचा शब्द कोणाचा? आणि नोटिशीनंतर वारसा यादीसाठी अर्ज केला तर पाडकाम थांबतं का, की स्थगितीसाठी कोर्टातच जावं लागतं?