चर्चा : मेंदूतील रसायने मोजण्यासाठी उंदीर मारणे कितपत समर्थनीय?

धागाकर्ती, परळ : मी मुंबईत औषधशास्त्र शिकवते. पदव्युत्तर प्रबंधासाठी उंदराचा अख्खा मेंदू वाटून त्यातील डोपामिन (चेतापेशींमध्ये संदेश पोहोचवणारे रसायन) मोजण्याची प्रथा बंद व्हावी, असे माझे ठाम मत आहे. डोपामिन मुख्यतः स्ट्रायटम या मेंदूच्या खोलवरच्या भागात एकवटलेले असते. सगळ्याचा एकत्र लगदा केला की बदल नेमका कुठे झाला, हे कळायला मार्गच उरत नाही. शिवाय रक्तपुरवठा तुटताच काही सेकंदांत एटीपी (पेशींना ऊर्जा देणारे रसायन) घटू लागते आणि लॅक्टेट (प्राणवायूविना ऊर्जा बनताना साचणारे रसायन) वाढते, त्यामुळे कवटी उघडून मेंदू बर्फावर ठेवेपर्यंत आपल्या हाती मरणोत्तर रसायनच येते. जीव घ्यायचा आणि आकडाही भरवशाचा नाही, हे मला पटत नाही.

प्रतिसाद, दादर : मी असहमत आहे. उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये जगापुढे मांडले. त्याच वनस्पतीतले रेसर्पिन दिल्यावर मेंदूतील डोपामिन नाहीसे होते, हे स्वीडिश औषधशास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांना पुढे सशांच्या मेंदूच्या ऊतीतच दिसले. 1960 मध्ये पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) मृत रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिनची घट आढळली, तीही मरणोत्तर ऊतीतच. लॅक्टेटला लागू होणारा आक्षेप डोपामिनला तितकाच लागू होत नाही. भाग वेगळा काढून तो लगेच, रसायने मोडणारी विकरे (एन्झाइम) निकामी करणाऱ्या थंड परक्लोरिक आम्लात वाटला, तर आकडा टिकतो.

प्रतिसाद, ठाणे : मायक्रोडायलिसिसमध्ये, म्हणजे मेंदूत बारीक नळी घालून, जाग्या प्राण्याच्या मेंदूतून तासन्‌तास नमुने घेता येतात. मात्र त्यातून पेशींबाहेरचेच रसायन कळते, आतला साठा नाही, आणि नळी खुपसल्याने ऊतीला इजा होतेच. चुंबकीय अनुनाद वर्णपटाने (एमआरआयसारख्या यंत्राने बाहेरूनच रसायने ओळखण्याच्या पद्धतीने) एन-ॲसिटिलॲस्पार्टेट किंवा क्रिएटिन यांसारखे मेंदूतील मुबलक रसायन जिवंतपणी मोजता येते, परंतु डोपामिन इतके विरळ असते की ते त्यात दिसत नाही.

धागाकर्ती : सशांचे प्रयोग झाले तेव्हा उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्याकडे तेच औषध आणि तीच मात्रा घेऊन पुन्हा तेच सिद्ध केले जाते, माझा रोख त्यावर आहे. कोणते रसायन, कोणता भाग आणि विकरांची क्रिया कशी थांबवणार, हे लेखी दिल्याशिवाय प्राणी नीतिसमितीने एकही उंदीर मंजूर करू नये.

प्रतिसाद, दादर : ही अट मला मान्य आहे. पण लॅक्टेटसाठी विकरे क्षणात थांबवणारे केंद्रित मायक्रोवेव्ह यंत्र साध्या महाविद्यालयाने आणायचे कुठून? ते मिळेपर्यंत विद्यार्थ्यांना डोपामिनसारखी टिकाऊ रसायनेच द्यावीत, सरसकट बंदी नको.