पणजोबांच्या आधीचं कसं शोधायचं?

कृष्णाकाठ: आमचं मूळ गाव वाळवा तालुक्यात. आजीनं पणजोबांपर्यंतची नावं सांगितली, पुढं अंधार. एका कचेरीत "जुनं काही नाही" म्हणून वाटेला लावलं. जुन्या जनगणनेत नावं मिळतील का? आणि लग्नाच्या नोंदी?

माणदेशी: जनगणनेचा नाद सोडा, त्यात आकडे मिळतात, माणसं नाहीत. अर्जात नुसतं "जुनं रेकॉर्ड" लिहू नका, "गाव नमुना 14, जन्म-मृत्यू नोंद" असं लिहा. यालाच कोतवाल बुक म्हणतात. आमच्या आज्याच्या नोंदीत बापाचं नाव आणि पुढं फक्त "मुलगा". नावच नाही! दोन भावांत आजा कोणता, हे तिथीवरनं ठरवलं. मोडी वाचणारा सोबत न्या. वाळवा तेव्हा साताऱ्यात होता. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला, सांगली हे नाव 1960 चं. तेव्हा जुन्या कागदावर "जि. सातारा" दिसलं तर गोंधळू नका.

थोरली सून: लग्नाची सरकारी नोंद त्या काळची क्वचितच मिळते. त्यापेक्षा हेळव्याला, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्याला गाठा. आमच्याकडं सुगीनंतर बैल घेऊन यायचा, पिढ्या घडाघडा म्हणायचा. सासूबाई शेर-पायली घालून आधी माहेरचंच विचारायच्या. फक्त त्याचं ऐकून जमिनीच्या फेरफार नोंदींशी (मालकी बदलल्याच्या नोंदी) ताडून बघा, मधली एखादी पिढी गळते.

कृष्णाकाठ: हेळवी! चुलत्यांना माहीत असणार. आजच फोन करतो.