सायकल ट्रॅक शहराला, माहुल गरिबाला?

चाळकरी:
मुंबईत पर्यावरण म्हटलं की आरे, फ्लेमिंगो, फार तर कोस्टल रोड. चेंबूरजवळच्या माहुलचं नाव कुणी घेत नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्या, दोन्ही बाजूंना १० मीटर जागा मोकळी केली आणि तिथे ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला. हटवलेल्या लोकांना पाठवलं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून असलेल्या ७२ इमारतींत. तिथल्या हवेने आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरी २०१७ मध्ये माणसं तिथे धाडणं चालूच. श्रीमंतांच्या सोसायटीबाबत असं झालं असतं?

सरळरेषा:
जागा मोकळी करायचा आदेश उच्च न्यायालयाचा, जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी. आणि हवा काय पगार विचारून नाकात शिरते? चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणायचे तेव्हा बंगलेवालेही तीच हवा घेत होते. झोपडीच्या बदल्यात पक्कं घर मिळालं, ते बरं विसरता!

चाळकरी:
बंगलेवाला कंटाळला तर बंगला विकून निघून जातो. पुनर्वसनातलं घर लगेच विकता येत नाही.

रेवती_म:
तुम्हा दोघांच्या भांडणात बायका कुठेच नाहीत. विद्याविहार-घाटकोपरच्या पाडलेल्या वस्तीतल्या कितीतरी जणी जवळच्या सोसायट्यांत धुणीभांडी करायच्या, चालत जाऊन. माहुलहून सकाळी सातला पोचणार कशा? बसभाड्यातच पगार जायचा, म्हणून काम सुटतं. मग घरात कोंडून कोण? ती, सासू, तान्हं पोर. इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर भरदिवसा दिवा लावावा लागतो. नवरा निदान दिवसभर बाहेर तरी असतो.

खाडीकाठ:
सगळे विस्थापितांचंच बोलताय. माहुल हे कोळ्यांचं गाव, कारखाने आले १९५० च्या दशकात. लवादाकडे गेले तेही माहुल-आंबापाड्याचेच लोक. खाडीतली मासळी आटली, तेव्हा बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या आमच्या आयाबायांचं पुनर्वसन कुणी केलं? त्यांना तर साधी नोटीसही आली नाही.

सरळरेषा:
मग करायचं काय? कारखाने उचलून समुद्रात टाकायचे? तुमच्या बसला डिझेल कुठून येणार?

चाळकरी:
कारखाने हलवा असं कोण म्हणालं? वस्ती तिथे नेऊ नका, एवढंच. २०१९ मध्ये उच्च न्यायालयही तेच म्हणालं: माहुलची सक्ती नको, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. आणि २०२५ मध्ये महापालिकेने तिथली रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. मुंबईत, या भावात! तरी प्रतिसाद थंड.

सरळरेषा:
त्याचं कारण हवाच, हे कशावरून? घरं खुराड्यासारखी, स्टेशन लांब. कोण घेईल?

रेवती_म:
म्हणजे विकत कुणी घेणार नाही, पण झोपडीवाल्यांनी मात्र उपकार मानायचे. आणि माहुल लांब पडतं हे मी केव्हाच लिहिलंय, वर बघा.