अनुभव धागा: नर्मदा परिक्रमेला पुस्तक कुठलं न्यायचं? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकरांनो, सांगा की

शहापूर_बेळगाव
कपाट आवरताना परिक्रमेचं जुनं पुस्तक हाताला लागलं. त्यात होशंगाबाद आहे, केवडिया आहे, बडवानीचा राजघाट कोरडा आहे. आता होशंगाबादचं नर्मदापुरम झालंय, केवडियाचं एकतानगर, आणि राजघाट सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेला. कार्तिकी तोंडावर आलीय. आपल्या भागातली मंडळी निघतील आणि घरात असेल ते पुस्तक पिशवीत टाकतील, म्हणून हा धागा काढला.

माझं पहिलं सांगणं, साल बघा. नुसतं 'नवी आवृत्ती' छापलंय यावर जाऊ नका, कित्येकदा आत मजकूर तोच असतो. लेखक कुठल्या साली चालला ते प्रस्तावनेत शोधा. धरणाचे दरवाजे २०१७ ला बंद झाले, २०१९ च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. त्याआधीचं चालणं असेल तर बडवानीपासून गोऱ्यापर्यंतचा काठ फक्त पुस्तकात उरलाय. शूलपाणेश्वराचं मूळ देऊळसुद्धा पाण्याखाली आहे, नवं गोऱ्याला बांधलंय.

निपाणीकर_मामा
बरोबर. अनुभवकथन वेगळं आणि वाटेचं पुस्तक वेगळं. पहिलं घरी वाचा, दहा वेळा वाचा, पण पिशवीत दुसरं पाहिजे. वाटेच्या पुस्तकात गावागणिक चार गोष्टी हव्यात: तट कुठला, पुढचं गाव किती किलोमीटर, मुक्कामाला आश्रम की शाळा की देऊळ, आणि तिथं तयार जेवण मिळतं की सदावर्त. सदावर्त म्हणजे कोरडा शिधा, स्वतः शिजवायचा. ते आधी कळलं नाही तर संध्याकाळी सहाला पातेलं कुठून आणणार?

खानापूरची_वहिनी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. वजन बघा हो आधी! ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर कागद ५ ग्रॅमचा. म्हणजे अर्ध्या आकाराच्या पाठपोट छापलेल्या १०० पानांचे १२५ ग्रॅम झाले, ३०० पानांचे पावणेचारशे. वर पुठ्ठा वेगळा. त्यापेक्षा पुस्तक मधोमध उसवून दोन भाग करायचे, दक्षिण तट एक, उत्तर तट एक. उत्तर तटाचा भाग घरी ठेवून भरूचला पोस्टानं मागवता येतो. शिवण दोऱ्याची घाला, पिना गंजतात.

चिकोडी_रोड
दुकानात उभ्या उभ्या पारख अशी करा. परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला. ओंकारेश्वरहून निघालं की दक्षिण तटानं पश्चिमेकडं चालायचं. म्हणून पुस्तकात ओंकारेश्वरनंतर मोरटक्का, रावेरखेडी अशी गावं आली पाहिजेत. बडवाह आलं तर ते पुलापलीकडचं, उत्तर तटाचं पान. मग हंडिया बघा, दक्षिणेला पाहिजे. समोरचं नेमावर उत्तरेला. नर्मदापुरम दक्षिणेला, बुधनी उत्तरेला. महेश्वर उत्तरेला. या जोड्यांत एकही चूक असेल तर पुस्तक खाली ठेवा.

आणखी एक. दोन्ही तटांची गावं उगमापासून, म्हणजे अमरकंटकपासून खाली लावली असतील तर दक्षिण तटाची पानं आपल्याला सरळ लागतात, पण उत्तर तट शेवटच्या पानाकडून उलटा वाचावा लागतो. अंतरंही 'मागच्या गावापासून' लिहिलेली असतात, ती सगळी एक ओळ सरकतात. दमलेल्या माणसाकडून तिथंच घोळ होतो.

शहापूर_बेळगाव
@चिकोडी_रोड हे उत्तम सांगितलंत. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे, १७४० ला तिथंच गेले ते. बऱ्याच हिंदी पुस्तकांत एका ओळीत आटपतं. आपल्या माणसांनी पानावर खूण करून ठेवावी.

उचगाव_वेस
कुठली गाडी धरायची?

निपाणीकर_मामा
@उचगाव_वेस गोवा एक्सप्रेस बेळगावहून मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ करत खंडव्याकडंच जाते. खंडव्याहून ओंकारेश्वर रस्त्यानं साधारण ७० किमी. वेळ, थांबे नवं बघून घ्या.

टिळकवाडी_अक्का
मुलं म्हणतात पुस्तक कशाला, मोबाइल आहे की. मोबाइलचा नकाशा जवळची वाट दाखवतो आणि जवळची वाट पुलावरून जाते. नर्मदा ओलांडली की परिक्रमा खंडित! उपनद्या ओलांडलेल्या चालतात, तवा, दुधी, शक्कर, उत्तरेची हिरन, ओरसंग. मुख्य धार नाही. म्हणून नकाशात एका दमात लांबचं गाव टाकायचं नाही. पुस्तकातून त्याच तटाचं पुढचं गाव घ्यायचं, तेवढंच टाकायचं. ओंकारेश्वराचं देऊळ तर बेटावर आहे, सुरुवातीला पुलावरून तिकडं जायचं नाही. अलीकडं ममलेश्वराचं दर्शन घेऊन निघतात, ओंकाराला जल शेवटी. अमरकंटकला वळसा माई की बगियाकडून घालायचा. पुस्तकात या तिन्ही गोष्टी स्पष्ट नसतील तर ते लिहिणाऱ्यानं चालून लिहिलेलं नाही, असं मी समजते.

खानापूरची_वहिनी
अक्का 🙏 बेटाचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

हिंडलगा_७
शूलपाणीच्या झाडीबद्दल कोणीच लिहीनात. बडवानीनंतर दोन वाटा आहेत. एक डोंगरातली, पाटी, बोकराटा, मग आपल्या महाराष्ट्रात धडगाव, मोलगी. दुसरी सडकेची, खेतिया, शहादा, तापीकाठचं प्रकाशा, तिथून गुजरात. पुस्तकात दोन्ही पाहिजेत, मुक्कामांसकट. डोंगरातल्या वाटेला किलोमीटरवर जाऊ नका, चढ-उतारात १२ किमीलाही अख्खा दिवस जातो. आणि फुगवटा उपनद्यांच्या खोऱ्यांत आत शिरलेला असतो. समोरचं गाव दिसतं हाकेच्या अंतरावर, पण वळसा पडतो. इंदिरासागर धरणाच्या काठालाही हेच. तिथं 'काठाकाठाने' एवढंच लिहिलेलं पुस्तक काही कामाचं नाही.

निपाणीकर_मामा
त्या पट्ट्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे उतरवून घ्या, २ सेंमी म्हणजे १ किमी. लागतील तेवढेच छापा. लेझरवर छापा, इंकजेटची शाई ओल लागली की पसरते.

चिकोडी_रोड
विमलेश्वरची नाव! म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथं दक्षिण तटावरून उत्तर तटावर नेणारी. पुस्तकात 'नाव सकाळी अमुक वाजता' असं छापलं असेल तर त्यावर विसंबू नका. नाव भरतीवर सुटते आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढं सरकते, छापील वेळ टिकणार कशी? एखादा दिवस थांबायची तयारी ठेवा, नाव नोंदवा, प्यायचं पाणी बरोबर घ्या. उतरायचं मिठी तलाईला, तिथून उत्तर तट सुरू.

उचगाव_वेस
गुजरातीत पाट्या असतात म्हणे. वाचायच्या कशा?

टिळकवाडी_अक्का
@उचगाव_वेस घाबरू नका. बरीचशी अक्षरं आपलीच, वरची रेघ नाही एवढंच. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब तेवढी निराळी, ती पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून न्या. ज्या पुस्तकात गुजरातच्या गावांची नावं त्या लिपीतही दिलीत ते घ्या. हनसोत, अंकलेश्वरकडं फार उपयोग होतो.

गोकाक_रस्ता
आमच्या शेजारचे अण्णा यायचं म्हणूलालेत, त्यांना मराठी वाचता येत नाही, कन्नडच. त्यांच्यासाठी काय करू?

खानापूरची_वहिनी
@गोकाक_रस्ता गावांची यादी कन्नड अक्षरांत तुम्हीच लिहून द्या. गाव, तट, किलोमीटर, मुक्काम, चारच रकाने. बोलायला मोडकी हिंदी पुरते. दोघं बरोबर असाल तर पुस्तक एक आणि यादी एक, म्हणजे एक भिजलं तरी दुसरं आहे.

हिंडलगा_७
दत्तभक्तांसाठी: गरुडेश्वर उत्तर तटावर. टेंबेस्वामींची समाधी, १९१४. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना तिथं राहावंसं वाटणारच. पुस्तकातल्या दिवसांच्या वेळापत्रकात दोन दिवस मोकळे धरा.

शहापूर_बेळगाव
वेळापत्रकावरून आठवलं. नदीची लांबी १३१२ किमी, दोन्ही तट मिळून २६०० च्या वर, वळसे धरले तर आणखी. रोज २०-२५ किमी म्हणजे चार-साडेचार महिने. 'रोज ३५ किमी' मांडणारं पुस्तक साठीच्या माणसाला देऊ नका, पहिल्याच आठवड्यात गुडघे धरतील.

उचगाव_वेस
रोज ३० जमतंय की सरावानं?

निपाणीकर_मामा
सराव पाठीवर ओझं घेऊन करा मग. खानापूरहून मलप्रभेच्या काठानं सात किलो घेऊन सलग चार दिवस चाला, मग आकडा ठरवा.

गोकाक_रस्ता
वहिनी, यादी दक्षिण तटापासून सुरू करतो. मोरटक्क्याच्या पुढची गावं कोणाकडं नीट क्रमानं असतील तर फोटो टाका, आज रात्री बसून उतरवतो.

चिकोडी_रोड
टाकतो, जेवण झालं की.